रुईच्या माळेतला काटा

एकोणीसशे चौतीस सालच्या एका शनिवारी कामठ्याच्या वाटेवर बैलबंड्यांची रीघ लागली. शेतकरी दुधरामच्या घरी म्हणे साक्षात मारुतीराय जन्माला आले होते! पुरावा? बाळाच्या पाठीखाली बोटभर शेपूट. आता याहून मोठा पुरावा कोणाला हवा?

शेपूट मात्र खरं होतं. सारा घोळ तिथंच झाला.

बिसराम महाराज नावाचा एक बुवा वास लागल्यासारखा येऊन टपकला आणि बाळाच्या उशाशी ठाण मांडून बसला. त्यानं बाळाला तेलाशेंदराचा लेप दिला, कमरेला रुईच्या पानांची माळ बांधली आणि हुकूम सोडला, शेंदूर धुवायचा नाही. कोणी गाऱ्हाणं घातलं की महाराज माळ नीट करायचे अन् गरजायचे, "बोल बजरंगा, होनार का नाई?" शेपूट हलायचं. "हो म्हनते मारुतीराया!" की पडला टोपलीत नारळ. हा मारुती कधी कोणाला नाही म्हणत नसे. भलताच मनमिळाऊ देव!

बाळाची आई शामकला कुडाआड बसून ऐकत होती. तिचं काळीज तीळतीळ तुटत होतं. लेकरू पाजण्यापुरतंच तिच्या हाती येई, आणि आता तर ते दूधही घेईना. अंग विस्तवासारखं तापलेलं.

तेवढ्यात शाळेचे केशोराव गुरुजी आले. गोंदियाचे वकील गुलाबचंद मजा पाहायला आधीच आले होते. शामकलानं लाजबीज गुंडाळून ठेवली अन् गुरुजींना गाठलं.

"गुरुजी, भुकेचं रडनं मले समजते. हे भुकेचं नोहोय. आंधी किंचाळते, मंगच शेपूट हालते. काऊन? असं का होते?"

गुरुजी थेट बाळापाशी गेले. "महाराज, माझंही गाऱ्हाणं आहे. पण हात मागं बांधून विचारा."

"देवाची परीक्षा घेऊन राहिला का मास्तर?" महाराज भडकले.

गुरुजींनी माळ अलगद सोडवली आणि महाराजांच्याच कमरेवर दाबली.

"अगा माय वो!" महाराज उडालेच. पानाआड बाभळीचे काटे निघाले. बाळाच्या शेंदराखाली रक्ताचे ठिपके होते.

"टोचलं की लेकरू आक्रसतं, अन् आक्रसलं की शेपूट हलतं," गुरुजी म्हणाले. "झाला चमत्कार!"

महाराज टोपली टाकून पसार झाले. पण गर्दीत कुजबुज उठली, "देव नोहोय, तं मंग राकस होय का?"

वकील हसले. "मैं तो पहले से कहता था. विलायतच्या पुस्तकात लिहिलंय, माणूस बंदर से आया. हे किसान लोग अभी पूरे आदमी नहीं बने."

शामकला हादरली. काल तिचं लेकरू देव होतं, आज माकड झालं. लेकरू म्हणून कोणी बघेचना!

महाराजांवर न चढलेला पारा गुरुजींना आता चढला. "वकीलसाहेब, पुस्तक अर्धंच वाचलंत! पाठीच्या कण्याचं टोक चाचपा. माकडहाड म्हणतात त्याला, तुमच्या कोटाखालीही आहे. आईच्या पोटात तुम्हाआम्हा सगळ्यांनाच शेपूट असतं. ते जिरतं, याचं थोडं राहिलं. सगळे एकाच गोतातले, हेच तर ते पुस्तक सांगतं."

शामकलानं बाळ उचललं. "बंडी जुंपा जी!" ती नवऱ्यावर ओरडली.

गोंदियाच्या डॉक्टरांनी आधी शेंदूर धुतला. "यात शिसं असतं, विषच ते. अजून उशीर झाला असता, तर पोर हाती लागलं नसतं." ताप उतरल्यावर त्यांनी शेपूट कापलं.

शामकला घरी परतली, तर दारात पुन्हा नारळवाले! म्हातारे बकाराम पुढं आले. "शेपूट आनलं का वो? देऊळ बांधतो म्हनलं."

शामकलानं बाळाची पाठ उघडी केली. काट्यांचे वण अजून लाल होते.

"हे पाहा तुमच्या पूजेचे घाव. एवढे हात जोडले तुमी. पन लेकरू रडून काऊन राहिलं, हे एकानं तरी इचारलं का?"

बकारामांनी मान खाली घातली.

बाबांनो, नवल दिसलं तर डोळे भरून पाहा. पण हात जोडायच्या आधी एकदा 'काऊन' विचारा. त्या घरात ते फक्त आईनं विचारलं, म्हणून पोर वाचलं.