एरंडेलाच्या डब्याला कुलूप

देवळात हात जोडतानाही हिंदुरावाचा एक डोळा बाहेरच्या वहाणांवर असायचा. असला माणूस मोटारीच्या धंद्यात पडला, म्हणजे बघा! विहिरीकाठचं रान आणि दोन बैलजोड्या देऊन त्यानं जुनी मोटार घेतली आणि सोलापूर ते मंगळवेढा सर्व्हिस सुरू केली. मोटार चालली तर घर चालणार. आणि ती चालवणार ड्रायव्हर सिद्धप्पा, कारण हिंदुरावाला स्वतःला चालवता येत नव्हती. हेच त्याला रात्रंदिवस सलायचं.

रस्ता कसला, काळ्या रानातली चाकोरी आणि नदीची वाळू. सगळा जोर मागच्या दोन चाकांमधल्या पेटीवर यायचा. त्या पेटीत पितळी चक्र फिरायचं आणि त्याला दाट एरंडेल लागायचं.

"दुसरं तेल चालायचं न्हाय, मालक," सिद्धप्पा सांगायचा. "दाटपणा गेला की पितळ गेलं."

पण एरंडेल संपायचं लई. सिद्धप्पा म्हणायचा, चाकाजवळची लोकरीची चकती झिजलीय, तिथनं गळतंय, नवी आणा की. हिंदुराव मनात म्हणायचा, वा रे पठ्ठ्या, आता चकतीतही खाणार होय! त्यात सिद्धप्पाच्या शेजारी राहायची काशम्मा. ती बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची आणि एरंडेल विकायची. झालं! हिंदुरावाच्या डोक्यात पक्कं बसलं की आपल्या मोटारीचं तेल गावच्या लेकरांच्या टाळूवर चाललंय.

त्यानं डब्याला कुलूप ठोकलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. तांब्याभर तेल स्वतः काढून द्यायचा. तरी तेल तेवढंच लागायचं. तांब्या घेऊन सिद्धप्पा मोटारीखाली शिरायचा. तिथं काय करतो, कुणी बघितलंय?

मग हिंदुरावाला एक नामी युक्ती सुचली. डब्यातलं निम्मं एरंडेल त्यानं काढून ठेवलं आणि वर करडईचं तेल ओतलं. भेसळ ओळखून काशम्माचं गिऱ्हाईक बोंबललं, की चोर मुद्देमालासकट हातात!

बायको वच्छला दारात उभी राहून बघत होती. "अवो, करडईचं तेल तापून तापून गोंद हुतंय. कढईची कड घासताना माजी बोटं झिजत्यात."

"गप बस. चोर सापडू दे एकदा."

पहिल्याच तांब्याला सिद्धप्पानं बोट बुडवून बघितलं. "मालक, तेल पातळ लागतंय."

"उन्हाळा हाय," हिंदुराव म्हणाला. आणि मनात हसला. चोराला मालाची पारख असायचीच!

तेव्हापासून तो काशम्माच्या दारावरनं मुद्दाम चकरा मारू लागला. शेवटी न राहवून विचारलं, "काय काशम्मा, एरंडेल बरं मिळतंय का हल्ली?"

काशम्मानं त्याला खालवर न्याहाळलं. "पोट साफ हुईना काय, मालक? बसा, देते की."

हिंदुराव जळफळत परतला. बोंब कुठनंच येईना. म्हणजे दोघं मिळालेले आहेत, आणखी काय!

महिना गेला असेल. भर दुपारी, कामतीच्या पुढं, मोटारीच्या पाठीमागून दात खाल्ल्यासारखा आवाज आला आणि चाकं जाग्यावर थांबली. उतारू खाली उतरले. सिद्धप्पानं पेटी उघडली. आत तेल नव्हतंच. तपकिरी चिकटा होता आणि त्यात पितळेचा चुरा चमकत होता. चक्राचे दात पार गेले होते.

त्या दिवशी बरोबर आलेला हिंदुराव पेटीवर वाकला. हा वास त्याला लहानपणापासून ठाऊक होता. मोटेच्या चामड्याला चोपडायला बाप करडईचं तेल कढवायचा, तोच हा. सगळंच्या सगळं तेल पेटीत पडलं होतं. काशम्माकडं थेंबही गेला नव्हता.

सिद्धप्पानं बोटाला चिकटा लावून हुंगला. "करडई हाय ही."

"कुणी मेल्यानं घातलं असंल?" केराबाई म्हणून एक म्हातारी उतारू होती, तिनं विचारलं.

सिद्धप्पानं हिंदुरावाच्या कमरेकडं बघितलं. करदोड्याला किल्ली लोंबत होती. मग सगळेच तिकडं बघायला लागले. हिंदुरावाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मागनं एक बैलगाडी आली. सिद्धप्पानं म्हातारीला हात धरून चढवलं, बाकीच्यांची गाठोडी वर दिली, आणि आपली पिशवी काढून खांद्याला लावली.

"येतो, मालक. दुसरा ड्रायव्हर बघा."

चुकलो रे, थांब, असं म्हणायला हिंदुरावानं तोंड उघडलं. पण जिभेला वळणच दुसरं!

"पिशवीत काय हाय?"

सिद्धप्पानं पिशवी उघडून पुढं धरली. भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता, आणि खाली घोंगडीची दुहेरी शिवलेली गोल चकती होती.

"आईच्या घोंगडीची काढली," तो म्हणाला. "तुमी आणंना म्हनून. आज मुक्कामाला बसवणार हुतो."

चकती त्यानं मोटारीच्या पायरीवर ठेवली आणि तो गाडीत चढला.

गाडी दूर गेल्यावर हिंदुरावानं ती उचलून चाकाच्या कण्याला लावून बघितली. बरोब्बर बसली.