लग्नाच्या नोंदीतल्या दोन फुल्या

वेल्सच्या आमच्या खोऱ्यात खोटं कुणी बोलत नाही. खरं थोडं ताणतात, एवढंच. आमच्या खाणीतल्या घोड्याला चारपर्यंत आकडे येत. कोळशाचा पाचवा डबा मागे जोडला, की साखळीचा खटका ऐकून तो फतकल मारून बसायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त वेदरबीसाहेबांना नव्हतं.

साहेब आमच्या खोऱ्याचा इतिहास लिहीत होते. पुस्तक सोमवारी छापायला जायचं होतं. शनिवारी दुपारी ते आमच्या खाणकामगारांच्या वाचनालयाच्या सभागृहात आले आणि जमलेल्या लोकांना त्यातलं एक पान मोठ्याने वाचून दाखवू लागले. "खाणमालकांच्या पत्नीने शाळा काढेपर्यंत इथे अक्षरओळख नव्हती. चर्चमधली लग्नाची नोंद पाहा. एलिसियस प्रोबर्ट, खाणकामगार. सहीच्या जागी फुली!"

पहिल्या रांगेत एलिसियसची विधवा मार्गेद बसली होती. वय पंच्याहत्तर, तोंडात पेपरमिंट. ती ताडकन उठली.

"आणि त्या फुलीखाली काय आहे रे, बाळा?"

"दुसरी फुली. वधूची."

"ती माझी! मला लिहिता येत नव्हतं. तो सही करायला वाकला, माझं तोंड पाहिलं आणि स्वतःही फुली मारून मोकळा झाला. चारचौघांत बायकोला खाली पाहायला लावेल, असला नव्हता माझा माणूस."

"बाई, भावना समजतात मला. पण पुरावा?"

"ग्विलिम, ते कपाट उघड!" मार्गेदने मला फर्मावलं. "एवढा इतिहास लिहितोय, पण पाठीमागचं कपाट उघडून बघितलं नाही!"

मी देवघेवीची पहिली वही काढली. मालकिणीच्या शाळेआधी सहा वर्षांची, त्या दोघांच्या लग्नाच्याच वर्षातली. पानभर एलिसियसचं वळणदार अक्षर, शेवटी ग्रंथपाल म्हणून सही. पहिलं पुस्तक भूमितीचं. ते नेणाऱ्याच्या रकान्यात उधळलेल्या बैलाने नांगर ओढल्यासारखी अक्षरं होती: मार्गेद प्रोबर्ट.

"लग्नानंतर चाळीस दिवसांत शिकवलं त्याने," ती म्हणाली, "फावड्याच्या पात्यावर खडूने. चुकलं की पुसायचं आणि मुका घ्यायचा. मी मुद्दाम चुकायचे."

सभागृह असं हसलं, की छतावरची कौलं खाली आली. बरं, दोनच आली.

साहेब लाल झाले, मग तेही हसले. पान खोडून त्यांनी समासात सगळं नव्याने लिहिलं आणि विचारलं, "आता ठीक?"

मार्गेदने ओळ न् ओळ वाचली आणि कागद परत सरकवला.

"खाली सही कर. पूर्ण नाव हं. फुली चालायची नाही."