हजर सभासद

वीज सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला दारातच रजिस्टर असायचं. सही ठोकायची, फुकटचा बल्ब घ्यायचा, घर गाठायचं. संस्था सभासदांच्या मालकीची होती. पण हे मालक एका बल्बात वाटेला लागतात, हे संचालक पुरतं ओळखून होते.

या वर्षी लाइनमनची बायको आत जाऊन बसली. तीन महिन्यांपूर्वी नवरा खांबावर असताना तारेत वीज सोडली गेली होती; तो जागीच गेला. अध्यक्षांच्या बर्फाच्या कारखान्यातून फोन आला होता, लवकर चालू करा म्हणून. सबस्टेशनच्या ऑपरेटरनंच तिला रडत सांगितलं होतं. आज तो नेमका रजेवर.

सचिवानं ठराव वाचला. अपघात लाइनमनच्या निष्काळजीपणानं झाला.

"साफ खोटं!" ती उठली. "फोन कुणाचा होता ते लिहा आधी."

"बाई, तुमचं दुःख आम्हाला कळतं," अध्यक्ष म्हणाले.

"दुःख राहू द्या. फोनचं बोला."

"मत घेऊ ना! विरोध असेल त्यांनी हात वर करा."

खुर्च्या तीनशे, माणसं चाळीस. हात नऊ. बाकीचे जमिनीवर काही हरवल्यासारखे खाली बघत राहिले.

"हजर तीनशे बारा, विरोध नऊ. ठराव मंजूर," सचिवानं रजिस्टरातल्या सह्या बघून सांगितलं.

"तीनशे बारा? भुतं मोजलीत काय?" मागून कुणीतरी खिदळलं.

तिनं तरातरा जाऊन रजिस्टर ओढलं. पानं उलटता उलटता बोट थांबलं. नवऱ्याचं नाव. पुढे ताजी सही.

दारात दीर उभा होता. हातात बल्बचे दोन खोके.

"वहिनी, दादा कायम कामावर. दरवर्षी त्याची सही मीच करायचो. सवयीनं हात गेला हो."

मेलेला माणूस सभेला हजर होता, आणि स्वतःलाच दोषी ठरवून मोकळा झाला होता.

"ही सही खोडा," ती म्हणाली.

"खोडू की," सचिव हळूच म्हणाला. "मग खोट्या सहीची तक्रार भावजींवर. घरात कमावतं आता तेवढंच माणूस ना?"

"वहिनी, माझी पोरं..."

"तुमच्या दादालाही पोरं होती, भावजी."

तिनं पेन उचललं. सहीवर मोठ्या अक्षरांत 'मयत' लिहिलं, खाली मेल्याची तारीख घातली.

सचिवानं रजिस्टर मिटलं. "पुढचा विषय, अध्यक्षांचा सत्कार."

टाळ्या पडल्या. दिराचे हात खोक्यांत अडकले होते, म्हणून तेवढा तो सुटला.