तेल लावलेले ब्रेक

खंडेनवमीला अप्पांनी माझ्या सायकलीची पूजा केली. अप्पा म्हणजे माझे वडील, मुकुंदराव. हुबळीजवळ तारिहाळला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, राहायला आम्ही कमरीपेठेत. लेथ, ड्रिल, स्कूटर, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. एकदा पूजा झाली की दसरा होईपर्यंत हत्यार हलवायचं नाही. मीही हलवलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल टेंपोत घालून थेट ट्रायलला नेली. सणाला चिकटून ट्रायल ठेवायची अक्कल सायकलिंग असोसिएशनची. तिथं सायकल चालवणारं कुणी बसत नाही.

मी ज्योती, वय अठ्ठावीस. माझी उमेदीची सगळी वर्षं ट्रॅकच्या शर्यतींत गेली. हुबळीत ट्रॅक नाही, म्हणून पहाटे धारवाडपर्यंत बसच्या मागं चिकटून सराव केला, कंडक्टरच्या शिट्ट्या आणि शिव्या खाल्ल्या. राष्ट्रीय स्पर्धेत दोनदा रौप्य मिळालं. दोन्ही वेळा शाल घालणारे आले. टायर हवेत का विचारायला एकजणही आला नाही. गेल्या वर्षी वय झालं म्हणून ट्रॅकच्या संघातून काढलं. उरली रोडची शर्यत. ट्रायलमधून राज्याच्या संघात पहिल्या तीन मुली घेणार होते. त्यात मी नसले तर माझं सायकलिंग संपलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ट्रायल धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यांच्या रस्त्यावर होती. सायकल उतरवली, चार पावलं चालवली, ब्रेक दाबला. सायकल थांबेना. पुन्हा दाबला. चाकाच्या चकतीवर बोट फिरवलं तर बोट चकाकलं. वास खोबरेल तेलाचा.

फोन लावला. "अप्पा, सायकलीला तेल लावलंत?"

"मग? पूजेला कोरडी बसवू? सगळी पुसून काढली की. त्या दोन चकत्यांना जरा जास्तच लावलं, गंजतील म्हणून."

"ब्रेकच्या चकत्या आहेत त्या!"

"मला शिकवू नको. जन्मभर लेथला तेल लावतोय."

"लेथला थांबायचं नसतं अप्पा, मला असतं!"

"पूजेची वस्तू आहे. काही होत नाही," म्हणाले आणि त्यांनीच फोन ठेवला.

चकती दाबणाऱ्या पॅडनी तेल पिऊन घेतलं होतं. ते पुसून निघत नाही, पॅड बदलावे लागतात. सणामुळं दुकानं बंद. असोसिएशनच्या गाडीत स्टुलं होती, हार होते, सुटे पॅड नव्हते. माझे कोच संजीव सर यांनी ब्रेक दाबून बघितला आणि हेल्मेट माझ्या हातातून काढून घेतलं.

"शर्यतीत उतरू नकोस. घोळक्यात पुढचीनं ब्रेक मारला तर तू तिच्या पाठीवर. स्वतः पडशील ते पडशील, पोरींना पाडशील."

"ट्रॅकवर कुठं ब्रेक असतात, सर?"

"तिथं पेडल उलटं रेटून चाक आवरता येतं. इथं काय रेटणार? माझं डोकं?"

खरं होतं ते. मी विचार केला, मग म्हणाले, "माझ्या पुढं कुणी नसलं तर कुणाला पाडणार?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "अख्खी शर्यत वारा एकटी खाणार?"

"खाते."

"मूर्ख आहेस," म्हणाले आणि हेल्मेट परत दिलं.

झेंडा पडला तशी मी सुटले. मागून गदगची मीनाक्षी ओरडली, "एन अक्का, काय गं, बस चुकतीय?" पोरी हसल्या. त्यांनी मला जाऊ दिलं. ट्रॅकवाली आहे, दोन फेऱ्यांत मरेल, असा त्यांचा हिशोब. रोडला शहाणी पोर दुसरीच्या मागं बसते आणि दम वाचवते. त्या सगळ्याच शहाण्या होत्या, त्यामुळं पुढं येऊन वारा कापायला कुणीच तयार नव्हती.

वळणं माझा जीव घेत होती. लांबूनच पेडल सोडायचं, छाती उभी करून वारा अडवायचा, वेग उतरला की अख्खा रस्ता वापरून वळायचं. एकदा पाय जमिनीवर घासत नेला, बुटाचा तळ गेला. प्रत्येक वळणावर कमावलेलं थोडं गमावत होते.

शेवटच्या सरळ रस्त्यावर मागून चेनचे आवाज ऐकू आले. मीनाक्षी डावीकडून गेली, मग आणखी एक. आता वळण उरलं नव्हतं. ब्रेकही लागणार नव्हते. मी डोकं खाली घातलं आणि ट्रॅकवर मारते तसं मारलं. चौथी माझ्या खांद्याला येऊन अडकली, पुढं गेली नाही. मी तिसरी.

रेषा ओलांडली, पण थांबणार कशी? मंडपाशेजारचं स्टूल उडवलं, दोरी तोडली आणि रस्त्याकडेच्या गवतात आडवी झाले. कोपर सोललं. असोसिएशनचे सेक्रेटरी धावत आले. कोपराकडं न बघता त्यांनी सायकल उचलली आणि ब्रेक दाबला.

"ब्रेक नाहीत! बाद! चौथीचं नाव घ्या."

भोवती पोरी होत्या, त्यांचे आईबाप होते. मी गवतातूनच विचारलं, "सुरू व्हायच्या आधी सायकली तपासायच्या असतात ना, साहेब?"

"तपासल्या की."

"कुणी?"

सकाळी तपासणीच्या वेळी सेक्रेटरी खुर्चीत बसून इडली खात होते. हे सगळ्यांनी बघितलं होतं.

"माझी सायकल तपासली असं म्हणा, मग ब्रेक पडताना बिघडले. तपासली नाही म्हणा, मग मला बाद करा. पण ते इथं, सगळ्यांसमोर म्हणा."

"होय की, सांगा की," मीनाक्षी म्हणाली. तिचं नाव पहिलं होतं, तिला भ्यायचं कारण नव्हतं.

सेक्रेटरींनी सायकल संजीव सरांच्या हातात दिली. "पडली म्हणून बिघडले असतील," म्हणाले, आणि आत जाऊन तिसरं नाव वाचलं. माझं. न्याय म्हणून नाही, लाज वाचवायला. मला चाललं.