कंसातला लवू

"माजी ओवी खंय गेली गो, भक्ती?" सुशीलाकाकी मोबाइल हातात धरूनच ओटीवर आली. "आकांक्षान मस्कतसून फोन केल्यान. म्हणता, आये, तुजी लागना नाय. त्या महादूच्या सुशीलेची वाजता, माजीच नाय. तुका माजी ओवी नको झाली तर तसा सांग गो."

कुणकेश्वरच्या वाडीतल्या बायकांच्या ओव्या भक्तीने स्वतः घरोघरी बसून रेकॉर्ड केल्या होत्या आणि वेबसाइटवर ठेवल्या होत्या. काकीचा रुसवा तिला लागला. तिने काकीला आत बसवलं, लॅपटॉप उघडला. ओवीच्या नावावर बोट ठेवलं की 'पान सापडत नाही'. आणि नावापुढे फाईलच्या नावाचं शेपूट आणि एक सुटा कंस लोंबत होता.

तो कंस दिसला आणि तिच्या लक्षात आलं. दुवा द्यायचा तर ती साध्या मजकुरात चौकोनी कंसात गाण्याचं नाव लिही आणि त्याला लागून गोल कंसात फाईलचा पत्ता. वाडीत सुशीला दोन, म्हणून या फाईलला तिनेच नाव दिलं होतं: सुशीला(लवू). काकीच्या नवऱ्याच्या, लवूकाकांच्या नावानंतरचा कंस आला, की वेबसाइटला वाटे पत्ता संपला.

"काकी, नावातलो कंस काढलो तर लगेच चालात. 'सुशीला दोन' करूया?"

"दोन? माका दोन नंबर कित्याक? आणि ह्येंका खंय टाकतलंस?"

बाहेर पायरीवर लवूकाका येऊन टेकले होते. "काढ गो माका, भक्ती. इतक्या वर्सांनी तरी सुटतलंय."

"गप ऱ्हवा तुमी," काकी म्हणाली. पण भक्तीकडे तिने असं पाहिलं, की कंस काढायची गोष्ट तिथेच संपली.

कंसाच्या आधी उलटी तिरकी रेघ दिली, की पुढचं चिन्ह नुसतं अक्षर म्हणून वाचलं जातं, एवढं भक्तीला माहीत होतं. तिने ती उघडणाऱ्या कंसाआधी दिली. पान सापडेना. काकीने पदराने घाम पुसला. भक्ती ओशाळली, पुन्हा ओळ वाचली. घोळ घालत होता तो मिटणारा कंस, आणि त्याला ती विसरलीच होती. त्याच्याआधीही रेघ दिली.

ओवी लागली. काकीचा आवाज घरभर झाला, थोडा कापरा, पण गोड. काकी मान खाली घालून ऐकत राहिली. दुसऱ्या कडव्याच्या मधोमध पुरुषी आवाज आला: "चाय झाली काय गो?"

"अगो बाय माजे!" काकीने तोंडावर हात धरला. "ह्ये हयपण!"

"ता कापून टाकूया काय?" भक्तीने हसू दाबत विचारलं.

काकीने पायरीकडे पाहिलं. लवूकाका आपलाच आवाज ऐकून लाजून समुद्राकडे बघत होते.

"नको. आकांक्षाक बापाशीचो आवाज ऐकाक मिळात," ती म्हणाली, आणि लेकीला फोन लावायला मोबाइल भक्तीच्या हातात दिला.