गुंडप्पाचं पोट आन उदगीरचा जिल्हा

उदगीर जिल्हा झालाच पाह्यजे म्हणून आमरण उपोषणाला माणसं बसवायची ठरलं, तवा पैला हात तेलवाल्या गुंडप्पानं वर केला. आन कमिटीचे अध्यक्ष व्यंकटरावांनी पैला तोच खाली करायला लावला.

"गुंडप्पा, तू तिथं बसला तर लोक उपोषण म्हणणार न्हाईत. पंगत म्हणतील!"

सगळी बैठक हासली. गुंडप्पा पण हासला, पण आतून लई लागलं त्याला. वर्गणी पाह्यजे, गुंडप्पा. पाव्हण्यांना जेवण पाह्यजे, गुंडप्पा. आन फोटो काढायच्या वेळेला गुंडप्पा कुठं, तर मंडपामागं सतरंज्या मोजून राहिला. एकदा तरी चार लोकांच्या समोर, वर बसायचं होतं बिचाऱ्याला.

"उपोषण उन्हाळ्याच्या शेवटाला हाय ना?" तो म्हणाला. "तवर पोट उतरवतो. मग तर बसवाल?"

"उतरव. मग बघू," व्यंकटराव म्हणाले. त्यांना काय, हा डोंगर हलत न्हाई याची खात्री होती.

गुंडप्पा लातूरला गेला. तिथं एक डॉक्टरीणबाई पोटाला सेलवर चालणारा बिजलीचा पट्टा बांधून देते असं ऐकलं होतं. त्याला वाटलं, पट्टा बांधायचा, गादीवर लोळायचं, चरबी आपोआप वितळती, कढईतल्या डालड्यावानी.

"न्हाई काका," बाई म्हणाली. "नुसत्या करंटनं काय होत न्हाई. पट्टा बांधून दम लागस्तोवर चालायचं. खाणं पण आवरायचं. आन पट्ट्याच्या आतल्या बारक्या गाद्या ओल्या करून लावायच्या, कोरड्याला करंट नीट धरत न्हाई."

चालायचं ऐकून गुंडप्पाचं तोंड उतरलं. पण खरी अडचण घरी होती. त्या साली दुष्काळ असा, की लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येऊन राहिलं होतं, आन उदगीरला टँकर कवा येईल ते टँकरवाल्याला पण ठाऊक न्हवतं.

"दानम्मा, वंजळभर पाणी दे. गाद्या भिजवायच्यात."

"अय्यो!" दानम्मानं घागरीवर हातच ठेवला. "भांडी मी राखेनं घासून राहिले आन तुमच्या पोटाला आंघोळ घालू? घाम काढा की! घामाला काय टँकर लागतो का?"

बायको रागानं बोलली, पण बोलली खरं. गुंडप्पा दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून देगलूर रोडनं निघाला. आधी तरातरा चालायचं, घामानं गाद्या थबथबल्या की बटण दाबायचं. आता घाम म्हणजे खारं पाणी. करंटानं असं धरलं की गुंडप्पा धोतरासकट वीतभर उडाला.

टँकरच्या रांगेतून शेजारची शिवकांता वरडली, "मामा, पोटात कोंबडा कोंडला का काय? फडफडून राहिलाय!"

"हासा, हासा!" गुंडप्पा उडत उडतच म्हणाला. "जिल्ह्यासाठी करून राहिलो!"

बाया रोज हासायच्या, हा रोज चालायचा. न चालावं तर घाम न्हाई, घाम न्हाई तर करंट न्हाई. दानम्मानं ताटातल्या भाकरी पण कमी केल्या. हळूहळू दुकानात गल्ला उघडताना पोट आडवं यायचं बंद झालं. बैठकीत व्यंकटरावांनी पोटावर थाप मारून बघितली. वाजलं न्हाई.

"बस बाबा," ते म्हणाले.

तहसीलसमोर मंडप उभा राहिला. मधी व्यंकटराव, बाजूला कमिटीतले मलप्पा, साहेबराव, आन कडंला गुंडप्पा. छाती अशी फुगवून बसला की हार लहान पडला. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरकारी डॉक्टर तपासायला आला. मलप्पाला चक्कर, साहेबरावला उलट्या, व्यंकटरावांचं बीपी तर पार तळाला. डॉक्टरनं गुंडप्पाची नाडी धरली आन परत धरली.

"काका, चोरून खाता का?"

"शिवाची शपथ, पाण्याबिगर काय न्हाई!"

"मग पैलवान हायसा." डॉक्टरनं सगळ्यांदेखत सांगितलं, "यांची तब्येत एकदम ठणठणीत."

दवाखान्यात न्यायला स्ट्रेचरवर घातलेले व्यंकटराव उठून बसायला लागले. "गुंडप्पा, सत्यानाश केला! असला तगडा माणूस बघून सरकार कशाला घाबरंल? निदान कण्ह तरी!"

गुंडप्पानं कण्हून बघितलं. ढेकर दिल्यावानी झालं. बाकी दोघांसंगं व्यंकटराव तसेच दवाखान्याच्या गाडीत गेले.

मंडपात गुंडप्पा एकटा. दानम्मा येऊन शेजारी बसली. "चला घरी. झालं की."

"उठत न्हाई," गुंडप्पा म्हणाला. आवाज बारीक होता, पण खुट्ट्यावानी पक्का. "आज उठलो तर परत सतरंज्याच मोजायच्या."

दानम्मानं पदरानं वारा घालायला सुरुवात केली.

चौथ्या दिवशी लातूरहून सरकारचे मोठे साहेब आश्वासनाचं पत्र आन लिंबू सरबत घेऊन आले. मागं फोटोवाले. साहेबांनी इकडं तिकडं बघितलं. "पुढारी कुठायत?"

"दवाखान्यात," गुंडप्पा म्हणाला, आन शेजारची सतरंजी झटकली. "बसा. माझ्याशी बोला."

साहेब बसले. गुंडप्पानं पत्र मोठ्यानं वाचायला लावलं, मागच्यांना ऐकू गेलं न्हाई म्हणून परत एकदा वाचायला लावलं, मगच गिलासाला हात लावला.

जिल्हा काय झाला न्हाई. पण दुसऱ्या दिवशी पेपरात पैल्या पानावर साहेब, गिलास आन गुंडप्पा. नर्सनं तो पेपर व्यंकटरावांच्या हातात दिला, आन सलाईननं जे चढत न्हवतं ते बीपी एका मिनटात चढलं.