कुकर निघाला बाथला

सायकल तिसऱ्यांदा डावीकडे, म्हणजे थेट कालव्याकडे झुकली, तेव्हा कस्तुरी खाली उतरलीच.

पुढे नवऱ्याच्या, प्रणवच्या सायकलमागे चार वर्षांच्या ईशानीची छोटी गाडी जोडलेली होती. तोही थांबला.

"हे बघ, प्यूझी गाव आलंय. तू आणि ईशानी इथून ट्रेन पकडा. यापुढे ब्रॅडफर्डपर्यंत वाटेत स्टेशन नाही. मग पंचाईत होईल."

इंग्लंडातल्या रीडिंगहून बाथ शहरापर्यंत, कालव्याकाठच्या वाटेने, चार दिवसांत सायकलने जायचं, हे खूळ कस्तुरीचंच. लग्नाआधी पुण्यात ती रोज सायकलनेच कॉलेजला जायची. ईशानी झाल्यापासून मात्र जिना उतरतानाही तिच्या पोटात गोळा यायचा. ही एक वाट स्वतःच्या पायांनी पुरी करायचीच, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आता तिसऱ्याच सकाळी ट्रेन?

ईशानी गाडीतून उतरून मागे आली आणि कंबरेवर हात ठेवून पाहू लागली.

"आई, तुझा एक बॅग खाली गेला."

कस्तुरीने वळून पाहिलं. दोन दिवस तिची नजर ईशानीच्या हेल्मेटच्या पट्ट्यावर, गाडी जोडणाऱ्या खिळीवर, अंगावर येणाऱ्या हंसांवर होती. स्वतःच्या कॅरिअरकडे तिने पाहिलंच नव्हतं. तिने दोन्ही पिशव्या काढून दोन हातांत धरल्या. डावा खांदा खाडकन खाली!

"यात आहे तरी काय?" प्रणवने पिशवी उघडली. "कस्तुरी! तू कुकर आणलायस?"

"ईशानीला वरणभात लागतो."

"आणि कुकरात?"

"तांदूळ, डाळ, गूळ. रिकामं भांडं घराबाहेर काढायचं नसतं, प्रणव."

"अगं, ते शेजाऱ्यांना परत देतानाचं! सायकलवर कसलं आलंय?" तो हसत सुटला. "इथेच ठेव त्याला. येणारा-जाणारा नेईल कुणीतरी."

"कुकर बाथला येणार. मीही येणार!"

मग तिने तांदूळ-डाळ उजवीकडे भरली, कुकर डावीकडे राहिला. पिशव्या पुन्हा उचलून पाहिल्या. भाजीवालीच्या तराजूसारख्या समान! रिकाम्या कुकरात मात्र तिने गुपचूप गुळाचा एक खडा टाकला.

सायकल सरळ धावू लागली. इतकी सरळ, की कस्तुरीला मोठ्याने हसू आलं. स्टेशन मागे पडलं. तिने वळूनही पाहिलं नाही.

दुपारी डिव्हायझेस गावाचा उतार आला. कालवा जिन्यासारखा पायरीपायरीने खाली उतरत होता, पाणी अडवणारे एकामागून एक लाकडी दरवाजे, आणि शेजारून या तिघांची वाट.

"सावकाश हां!" प्रणव म्हणाला.

"तू सावकाश ये. तुझ्यामागे माझी पोर आहे!"

तिने ब्रेक सैल केला आणि त्याला मागे टाकलं. वारा कानांत शिरला. मागे कुकरात गूळ खडखडू लागला, आणि त्याच्याही मागून ईशानीच्या आरोळ्या, "आई, फास्ट! अजून फास्ट!" पोटात गोळा आला होता, पण हा गोळा तिच्या ओळखीचा होता. कॉलेजच्या उतारावरचा.

खाली पोचल्यावर तिने आधी वळून पाहिलं. प्रणवचं हेल्मेट, गाडीचा नारिंगी झेंडा, ईशानीचे हलणारे दोन हात. सगळं जागच्या जागी.

तिघांनी गुळाचा चुरा खाल्ला.

"आता रिकामा," ईशानी कुकरात डोकावत म्हणाली.

कस्तुरीने कुंपणावरच्या मूठभर ब्लॅकबेरी तोडून आत टाकल्या आणि झाकण लावलं.

"चला, बाथ अजून वीसेक मैल आहे. आणि आता तिथपर्यंत पुढे मीच!"